बाजारातली जागा कोणाची?

आठवडा बाजाराच्या दिवशी शिरोड्यात सकाळी लवकर एक फेरी मारा. रस्त्यावर पट्टे आखलेले नसतात, नंबरही नसतात. तरी सुक्या मासळीवाल्या आपल्या ठिकाणी, तांबडी भाजी घेऊन आलेल्या बायका आपल्या ठिकाणी, घाटावरचे कांदे-बटाटेवाले आपल्या ठिकाणी. हे ठरवलं कोणी? वहिवाटीने.

लहानपणी मी आजीबरोबर बाजाराला जायचो. एकदा तिच्या जागेवर कपडेवाल्याने ताडपत्री ताणली होती. आजी म्हणाली, "ही जागा माज्या सासूची. मी आता खंय जांव?" त्याने विचारलं, "कागद आसा?" कागद नव्हता. त्या दिवशी आजी टोकाला, उन्हात बसली आणि अर्धी भाजी परत घेऊन आली.

जागा देणं ही बारीक गोष्ट नाही. पूर्वी त्यासाठी वतन असायचं. मराठेशाहीत पेठ वसवायची तर सरकारचा कौल घ्यायचा. मग शेटे-महाजनांनी व्यापारी आणायचे, त्यांना जागा नेमून द्यायच्या, तंटे मिटवायचे आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचा. त्या व्यवस्थेत पक्षपात होताच. पण जागेवरून भांडण झालं तर कोणाच्या दारात जायचं, हे माहीत होतं.

वतनं गेली. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने बाजारावर फी घ्यायचा अधिकार पंचायतीला दिला. बऱ्याच गावांत या वसुलीचा लिलाव होतो. ठेकेदार पावती फाडतो, पैसे घेतो. पण कोण कुठे बसला याच्याशी त्याला काय देणंघेणं? मोठी ताडपत्री म्हणजे मोठी पावती. टोपलीवाली त्याच्या हिशोबात शेवटी येते.

शहरांत हा वाद कोर्टात गेला. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की रस्त्यावर धंदा करायचा हक्क घटनेने दिलाय, पण अमुकच जागा कायमची माझी असा हक्क नाही. 2003 मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी कोर्टाने एक मीटर बाय एक मीटरची जागा मान्य केली. मग 2014 चा पथविक्रेता कायदा आला. जागा कमी आणि विक्रेते जास्त असतील तर चिठ्ठ्या काढायच्या, उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात सामावून घ्यायचं. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर तो वारसा बाजार ठरवायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. चांगलं कलम आहे. पण हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींसाठी. आमची ग्रामपंचायत त्यात बसत नाही.

आता जरा लांबचं उदाहरण. जपानमध्ये टोकियोत कॉमिकेट नावाचा बाजार भरतो. चित्रकथांचे चाहते स्वतः छापलेली पुस्तकं तिथे विकतात. 1975 साली पहिल्यांदा भरला तेव्हा 32 गट होते. आता अर्ज इतके येतात, की सोडत काढावी लागते. पण नुसत्या सोडतीवर ते थांबत नाहीत. एका विषयाचे विक्रेते एकत्र बसवतात. ज्यांच्यापुढे मोठी रांग लागणार, त्यांना भिंतीकडेची जागा देतात, म्हणजे रांग बाहेर काढता येते आणि मधल्या छोट्या विक्रेत्यांची वाट अडत नाही.

यात आपल्यासाठी एक धडा आहे. वहिवाट जुन्यांना सांभाळते, पण नव्याला आत घेत नाही. लिलाव पैसेवाल्याला पुढे करतो. चिठ्ठी सगळ्यांना सारखं धरते, पण तीस वर्षं बसलेलीला एका दिवसात उठवते. एकट्या कशानेच भागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उद्या कधी बाजारात पट्टे आखायचे ठरलं, तर आधी वही घ्या. कोण, कुठे, किती वर्षं बसतं, ते बाजाराच्या दिवशी जागेवर जाऊन लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. टोपलीवाल्यांची जागा आधी धरा, टेम्पोवाल्यांना कडेला द्या. रिकाम्या राहतील त्या जागांपुरतीच चिठ्ठी काढा.

आणि घरात कोणाकडे बाजाराची जुनी पावती असेल, तर ती फेकू नका. आजीकडे तेवढी एक असती, तर त्या दिवशी भाजी परत आली नसती.