सौदा झाला, 83 दिवसांनी यादी आली

टॉर्चवाला नोकिया 1100 आठवतोय ना? आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला पहिला मोबाइल तो. हल्ली आयटीमध्ये अमक्या कंपनीने तमकीला विकत घेतलं अशी बातमी आली की मला त्या नोकियाच्या शेवटाची आठवण येते. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

3 सप्टेंबर 2013 ला जाहीर झालं की नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्ट घेणार. किंमत 544 कोटी युरो. तेव्हा नोकियाचे प्रमुख होते स्टीफन एलॉप. हे गृहस्थ 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टमधूनच नोकियात आले होते आणि सौद्याबरोबर परत मायक्रोसॉफ्टमध्ये निघाले. जाताना त्यांना मिळणारी रक्कम सुमारे 1 कोटी 88 लाख युरो असल्याचं जाहीर झालं, त्यातले 70 टक्के मायक्रोसॉफ्ट देणार होती. फिनलंडमध्ये यावरून बराच गदारोळ झाला.

25 एप्रिल 2014 ला व्यवहार पूर्ण झाला. सुमारे 25,000 माणसं एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. स्वागत झालं, नवे ईमेल पत्ते मिळाले.

17 जुलै 2014, म्हणजे बरोबर 83 दिवसांनी, मायक्रोसॉफ्टने 18,000 पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यातल्या सुमारे 12,500 नोकियाकडून आलेल्यांच्या. म्हणजे आलेल्यांपैकी निम्मे. एलॉपसाहेबांनी आपल्या लोकांना पत्र लिहिलं. सुरुवात ‘हॅलो देअर’ अशी खेळीमेळीची. पुढे धोरण, लुमिया फोन, बाजारपेठ, आणि बरंच खाली गेल्यावर तो 12,500 चा आकडा.

या कपातीला कंपनीचा शब्द होता ‘सिनर्जी’. साध्या मराठीत सांगायचं तर दोन्ही घरात एकच काम करणारी माणसं असतील तर त्यातली एक रांग काढायची. पगार विभाग दोन, कायदा विभाग दोन, डिझाइनवाले दोन, कारखाने नको इतके. विकत घेणारा किंमत ठरवताना ही बचत आधीच हिशेबात धरत असतो. त्यामुळे कपात हा सौद्यानंतर झालेला अपघात नाही, तो सौद्याचाच भाग असतो. फक्त तारीख नंतरची असते.

बरं, इतकं करून धंदा तरी वाचला का? नाही. जुलै 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी 760 कोटी डॉलर बुडीत दाखवले आणि आणखी 7,800 पर्यंत नोकऱ्या कमी केल्या. मे 2016 मध्ये आणखी 1,850. साध्या फोनचा धंदा 35 कोटी डॉलरला विकून टाकला. सत्या नाडेला यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलंय की आपण या खरेदीच्या विरोधात होतो. निर्णय वरच्यांचा चुकला, किंमत खालच्यांनी मोजली.

आता आपल्या देशातला भाग. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला. हजारो कामगार, त्यात आसपासच्या खेड्यांतल्या तरुण मुली पुष्कळ. पण कंपनीचा सरकारशी कराचा वाद पेटला. कारखाना हस्तांतरित करायचा तर 3,500 कोटींची हमी द्या, असं मार्च 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं. झालं, कारखाना सौद्यातून बाहेर राहिला. नोकिया तो कंत्राटावर मायक्रोसॉफ्टसाठी चालवू लागली. मग मायक्रोसॉफ्टने कंत्राट थांबवलं आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून उत्पादन बंद.

त्याआधीच बहुतेकांनी ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेतली होती. विशीतल्या-पंचविशीतल्या पोरींची स्वेच्छानिवृत्ती! यामागे कायद्याची गोम आहे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार 100 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कपात करायची तर सरकारची परवानगी लागायची. पण स्वेच्छानिवृत्ती ही त्या कायद्याच्या व्याख्येत कपातच नाही. सही कामगाराची, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच मिटला.

तिकडे फिनलंडमध्येही दुःख कमी नव्हतं. सालो हे गाव नोकियावर उभं होतं. 2012 मध्ये तिथला कारखाना बंद झाला आणि उरलेलं संशोधन केंद्र 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद करायचं ठरवलं. पण तिथे कपातीआधी कामगारांशी वाटाघाटी करणं कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय मायक्रोसॉफ्टमधल्या नोकऱ्या गेलेल्यांच्या नव्या प्रशिक्षणासाठी आणि नोकरीच्या शोधासाठी युरोपीय संघाच्या निधीतून सुमारे 53 लाख युरो आले. गेलेली नोकरी त्याने परत आली नाही, पण माणूस घरी बसल्यावरही त्याची कुणीतरी दखल घेतली.

श्रीपेरुंबुदूरचा तो कारखाना पुढे मोबाइल चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्पने घेतला. इमारतीला नवा मालक मिळाला. 2014 च्या मुलींना मधली वर्षं कोण देणार?

माझं म्हणणं एवढंच. कंपन्या विकल्या जाणारच, ते कुणी थांबवू शकत नाही. पण विक्रीच्या वेळीच माणसांचा हिशेब उघडपणे मांडायला लावणं शक्य आहे. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत काम करणाऱ्यांनो, तुमची कंपनी विकली जातेय असं कळलं तर केकचा तुकडा खाण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: जुनी सेवा धरली जाणार का, ग्रॅच्युइटीचं काय, नोटीस किती महिन्यांची, आणि किती काळ कपात नाही याची हमी आहे का. एकट्याने विचारलं तर उत्तर मिळणार नाही. पन्नास जणांनी मिळून विचारा.

आणि राजीनाम्यावर त्याच दिवशी, त्याच खोलीत सही करू नका. घरी या, कुणाला तरी दाखवा, मग ठरवा.