रँग्लर

रँग्लर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील विस्तीर्ण पशुपालनक्षेत्रांवर (रँचवर) घोड्यांचा कळप सांभाळणारा नोकर. महाराष्ट्रात हा शब्द केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेतील बहुमानामुळे, विशेषतः १८९९ मध्ये तीत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविणाऱ्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे परिचित झाला. त्या रँग्लरशी प्रस्तुत रँग्लरचा संबंध नाही. मेक्सिकोतील स्पॅनिश भाषेत घोडेराख्याला ‘काबाल्येरांगो’ म्हणत. त्याचा इंग्रजी भाषिकांच्या तोंडी झालेला अपभ्रंश म्हणजे हा शब्द, असे सामान्यतः मानले जाते. कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी काउबॉयला जगभर कीर्ती मिळवून दिली. पण पुष्कळशा काउबॉयांची उमेदवारी या घोडेराखीतच झाली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

हा व्यवसाय मूळचा अमेरिकेतील इंग्रजी भाषिकांचा नव्हे. अमेरिका खंडातील मूळचे घोडे सु. दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाले होते. एर्नान कोर्तेसने १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सोळा घोडे उतरविले आणि पुढे स्पॅनिश वसाहतींबरोबर गुरे व घोडे उत्तरेकडे पसरले. घोड्यावरून गुरे राखणाऱ्या मेक्सिकन ‘वाकेरो’ लोकांकडून टेक्ससमधील गोऱ्या वसाहतवाल्यांनी खोगिराची घडण, फासाचा दोर, कातड्याचे पायमोजे आणि त्यांची नावेही उचलली. घोड्यांच्या राखीव कळपाला रूढ झालेला ‘रेमुदा’ हा शब्दही स्पॅनिशच असून, त्याचा मूळ अर्थ बदली किंवा पालट असा आहे.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तेव्हा टेक्ससमध्ये गुरे विपुल व स्वस्त होती, तर उत्तरेकडील शहरांत मांसाला मागणी होती. जोसेफ मकॉय याने १८६७ मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेस्थानकालगत गुरांचा बाजार उभारला आणि गुरांचे तांडे उत्तरेकडे हाकण्याच्या धंद्याला वेग आला. अडीच-तीन हजार गुरांच्या तांड्याबरोबर दहा-बारा स्वार, एक म्होरक्या, स्वयंपाकाच्या गाडीसह एक आचारी आणि एक रँग्लर असे. तांडा दिवसाकाठी १५ ते २५ किमी. चाले. एकाच घोड्याला हे श्रम झेपत नसल्यामुळे प्रत्येक स्वाराला सहा ते दहा घोडे नेमून दिलेले असत. साहजिकच रँग्लरच्या हवाली शंभराच्या आसपास जनावरे येत.

हे काम बहुधा तांड्यातील सर्वांत लहान मुलाकडे जाई. पहाटे घोडे गोळा करून आणावयाचे, दिवसभर त्यांना तांड्याच्या बाजूने चारत न्यावयाचे, मधल्या वेळात आचाऱ्याला लाकूडफाटा व पाणी पुरवावयाचे. गडी कमरेच्या उंचीवर एकच दोर धरून रिंगण करीत आणि त्यात हा सारा कळप उभा राही. दोर तोडणे घोड्यांना अशक्य नव्हते. ते तसे करीत नसत, ही केवळ लावलेली सवय होती. कळपात सामान्यतः खच्ची केलेले घोडेच ठेवीत, कारण घोड्या असल्या की भांडणे माजत. प्रत्येक घोडा चेहऱ्याने ओळखणे, तो कोणाच्या वाट्याचा हे जाणणे, पोहण्यात पटाईत कोणता, कळपातून नेमके गुरू वेगळे काढण्यात निष्णात कोणता आणि रात्रीच्या राखणीला विश्वासाचा कोणता, हे या कामात आपोआप शिकावे लागे. एखाद्या स्वाराच्या वाट्याचा घोडा मालकाने काढून घेतला, तर नोकरी सोडण्याची ती सूचनाच समजली जाई.

चित्रकार चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) याचा वृत्तांत या दृष्टीने बोलका आहे. सेंट लुइसच्या सुखवस्तू घरातील हा मुलगा सोळाव्या वर्षी माँटॅनात आला. मेंढ्या राखण्यात त्याचा टिकाव लागला नाही. दोनेक वर्षे त्याने एका शिकाऱ्याच्या आश्रयाने काढली. १८८२ मध्ये ज्यूडिथ खोऱ्यात त्याला रात्रीचा रँग्लर म्हणून काम मिळाले आणि पुढील सु. अकरा वर्षे तो रात्रीच्या राखणीवरच राहिला. दिवसा चित्रे काढण्यास त्यामुळे सवड मिळे. तो घोडेस्वारीत विशेष निपुण गणला जात नसे, हेही येथे नमूद करणे युक्त ठरेल.

दुसरी वाट चाबुकस्वाराची होती. टेक्ससमध्ये मोकाट वाढलेले घोडे चार-सहा दिवसांत मोडून कामाला जुंपीत आणि चाबुकस्वाराला घोड्यामागे ठराविक रक्कम देत. मोडलेली हाडे ही त्याची कायमची मिळकत. कॅलिफोर्नियातील वाकेरो मात्र प्रथम तोंडात लोखंडी लगाम न घालता नाकावरच्या वेणीदार पट्ट्याने शिंगराला वळण लावीत व या शिक्षणास वर्षे देत. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅट लव्ह (१८५४–१९२१) याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे, की डॉज सिटीजवळ एका नाठाळ घोड्यावर मांड टिकविल्यामुळे त्याला दरमहा तीस डॉलरची नोकरी मिळाली. हा प्रसंग तो १८६९ चा म्हणतो. डॉज सिटी १८७२ मध्ये वसली. तपशिलात अतिशयोक्ती असली, तरी नवख्याची अशी परीक्षा घेण्याची चाल खरी होती. काउबॉयांत कृष्णवर्णीयांचे व मेक्सिकनांचे प्रमाण मोठे होते. चित्रपटांनी ते बव्हंशी पुसून टाकले.

या नोकरीत घोडा मालकाचा व खोगीर नोकराचे, अशी सामान्य वहिवाट होती. मराठेशाहीतील बारगिराप्रमाणे काउबॉयही दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. पगार दरमहा २५ ते ४० डॉलर; चांगल्या खोगिरापायी महिन्याची कमाई सहज खर्ची पडे. आरंभी मात्र स्वतःची चार गुरे व एखाद-दुसरा घोडा मालकाच्याच कुरणात वाढवून पुढे छोटा रँचमालक होण्याची आशा असे. १८८० नंतर पूर्वेकडील व ब्रिटिश भांडवलावर चालणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांनी ही मुभा काढून घेतली. टेक्ससच्या उत्तर भागात १८८३ मध्ये झालेल्या काउबॉयांच्या संपाचे मूळ यात आहे. चोवीस जणांनी सह्या केलेल्या निवेदनात दरमहा ५० डॉलरची मागणी होती. मालकांनी नवे गडी भरले, संपकऱ्यांजवळचे पैसे संपले व दोन-अडीच महिन्यांत संप फसला. ऑस्टिन येथील राज्यविधानभवन बांधून देण्याच्या मोबदल्यात तीस लक्ष एकर जमीन मिळालेल्या एक्स आय टी या रँचच्या १८८८ च्या नियमांत नोकराने रँचवर स्वतःची गुरे वा पैदाशीचे घोडे बाळगण्यास मनाई होती. मद्य, जुगार व पिस्तूल यांनाही होती! पडद्यावरील काउबॉयाला तेथे एक दिवसही नोकरी टिकविता आली नसती.

जोसेफ ग्लिडन याच्या काटेरी तारेने (एकस्व १८७४) मोकळी कुरणे बंदिस्त केली आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडील असंख्य गुरे मेली. रसेलने पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर रंगविलेली, लांडग्यांनी वेढलेली हाडकुळी गाय ही त्या आपत्तीची सर्वांत परिचित खूण होय. लांब पल्ल्याचे तांडे थांबले. घोड्याची गरज मात्र संपली नाही, कारण खडकाळ मुलखात गुरे वळविण्यास तोच सोयीचा.

विसाव्या शतकात हौशी पाहुण्यांना घोडेस्वारी घडविणाऱ्या रँचांनी नवशिक्यांसाठी नवे दार उघडले. त्यांच्या मालकांची संघटना १९२६ मध्ये स्थापन झाली. तेथील हंगामी रँग्लर पहाटे घोडे आणतो, खोगिरे कसतो, लीद काढतो, खुरांची निगा राखतो आणि पाहुण्यांना सांभाळतो. अनेकांचा या व्यवसायातील प्रवेश आज असाच होतो. टॉम डॉरन्स (१९१०–२००३) व रे हंट (१९२९–२००९) यांच्या शिकवणीमुळे घोडा मोडण्याऐवजी त्याचा कल ओळखून शिकविण्याची पद्धत प्रतिष्ठा पावली. जुन्या वाकेरोंच्या सबुरीशी तिचे नाते उघड आहे. वेतनाच्या बाबतीत प्रगती मंद आहे. १९६६ च्या दुरुस्तीने किमान वेतनाचे संघीय संरक्षण शेतमजुरांना प्रथमच लागू झाले. तथापि खुल्या कुरणांवर प्रामुख्याने पशुपालनाचे काम करणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि ते कलम अद्याप कायम आहे.