काचेच्या हौदाची कुळकथा

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता फिरंगाईच्या कुरकुंभास येईपर्यंत प्रवाशाच्या दृष्टीस पडते ते माळरान, मधूनमधून बाभळी, कालव्याच्या आधाराने तगलेला ऊस आणि शेवटी औद्योगिक वसाहतीची धुराडी. आणि ज्या मुलखात उन्हाळा लागताच पाण्याच्या टँकरचा हिशेब ग्रामपंचायतीच्या दफ्तरी चढू लागतो, त्या मुलखात कोणी केवळ शोभेसाठी पाणी साठवून त्यात उष्ण कटिबंधातील परदेशी मासे पाळीत असेल, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगतच वाटते. तथापि कुरकुंभ-दौंडकडील काय किंवा भीमेपलीकडील शिरूरकडील काय, अनेक घरांत दूरचित्रवाणी-संचाच्या शेजारी प्रकाशाने उजळलेली काचेची पेटी आज दिसते, आणि तिच्यातील गप्पी, मोली, एंजल, फायटर ही नावे शाळकरी मुलांच्या तोंडी सहजपणे असतात. या पेटीचे कूळ शोधू जाता ते एका घराण्याचे निघत नाही. राजदरबार, देवस्थान, युरोपातील रसायनशाळा आणि आपल्याकडील आरोग्य खाते अशा परस्परांस अपरिचित असणाऱ्या घराण्यांचा तो वंश आहे. आणि या भागात त्याने जे रूप धारण केले, ते पुष्कळ अंशी येथल्या खडकाने ठरविले आहे.

मासा खाण्यासाठी धरणे ही मनुष्याची फार पुरातन वृत्ती. परंतु त्याच्या जाती ओळखाव्यात, त्याचा आहार जाणावा आणि त्यात मन रमवावे, ही स्वस्थतेची आणि काहीशा ऐश्वर्याची खूण होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठी भाषेच्या अभ्यासकांस त्यातील मराठी गीतपंक्तींमुळे ठाऊक असतो. पण त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांची गणना करताना मत्स्यविनोदाचे एक स्वतंत्र प्रकरण घातलेले आहे आणि त्यात समुद्राचे व नद्यांचे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग पाडून कोणत्या माशास कोणते खाद्य घालून लोभवावे, याचे तपशील दिले आहेत. या विनोदाचा शेवट गळास लागलेल्या माशात होतो, हे खरे. परंतु माशामाशाची आवड वेगळी असते, ही पाळणाऱ्यास अत्यावश्यक असलेली जाणीव नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजदरबारी लेखनिविष्ट झाली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरे घराणे देवस्थानाचे. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील मासे वरदायिनी देवीचे म्हणून मानले जातात. त्यांस कोणी धरीत नाही, उलट भाविक मुरमुऱ्यांसारखे खाद्य टाकतात आणि मोठमोठे मासे निर्भयपणे काठाशी येतात. हे मासे महसीर कुळातील ‘खुद्री’ जातीचे. त्यांना काच नाही, पेटी नाही, भोवती वाहती नदी आहे. तरीही न खाण्याच्या संकल्पाने सांभाळलेला मासा असाच त्यांचा दर्जा आहे, आणि मत्स्यपालनाच्या हौसेतील ममतेचा धागा आपल्याकडे प्रथम अशा डोहांच्या काठी कातला गेला असावा, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या खुद्रीस शास्त्राच्या वहीत नोंदविले ते पुण्याच्या पूर्वेस, मुळामुठेच्या पाण्यात. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी जमाबंदी, पिके, पक्षी यांच्या बरोबरीने येथील माशांचाही अभ्यास केला आणि १८३८ साली तो लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे मांडला. भोई आणि कोळी यांच्या तोंडची नावे त्यांनी टाकून दिली नाहीत. खुद्री, कोळस, मुसुळा, मळ्या या नावांना लॅटिन पोशाख चढवून त्यांनी ती जगाच्या ग्रंथालयात पाठविली. हीच मुळामुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेस मिळते आणि ती भीमा दौंडच्या अंगाने वाहत जाते. तेव्हा कुरकुंभच्या परिसरातील नदीचे मासे सुमारे दोन शतकांपूर्वीच विद्वानांस परिचित झाले होते. ते परिचित झाले, पण दिवाणखान्यात आले नाहीत. त्यासाठी काच स्वस्त व्हावी लागली.

इंग्लंडात काचेवरील जाचक कर १८४५ साली उठला. त्यानंतर थोड्याच काळात, १८५० साली, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या एका साध्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला: काचेच्या भांड्यात पाणी, तळाशी वाळू व माती, व्हॅलिसनेरिया नावाची गवतासारखी पाणवनस्पती आणि दोन लहान सोनमासे. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा आणि माशांनी तो वापरावा, हा हिशेब प्रथम बरोबर जमला. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागताच पाणी गढूळले, आणि ती पाने खाणाऱ्या पाणगोगलगायी आत सोडल्यावर ते पुन्हा स्वच्छ झाले. घरगुती मत्स्यपेटीचे सारे शास्त्र या लहानशा घटनेत बीजरूपाने आहे. कारण पेटीत मासा एकटा कधीच जगत नाही, त्याच्या विष्ठेपासून निघणारा अमोनिया पचविणारी सूक्ष्मजंतूंची अदृश्य प्रजा तळाच्या खड्यांवर वसल्यावाचून तेथील राज्य टिकत नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि मध्यमवर्गीय घरांत काचेच्या पेट्यांची एकच लाट उसळली.

उष्ण कटिबंधातील मासे या पेट्यांत शिरले ते मात्र आपल्या अंगच्या एका गुणामुळे. पॅरिसचे पिएर कार्बोनिए यांनी १८६९ च्या सुमारास चीनकडील पॅरडाइज मासा मिळवून त्याची पैदास केली आणि त्यानंतर भारतातील रंगीत गुरामीचीही. हे दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन बाहेरची हवा घेऊ शकतात, म्हणून आगबोटीवरील डब्यातल्या शिळ्या पाण्यात महिनोन्‌महिने काढूनही ते जिवंत पोहोचले. ज्यांना वाहत्या पाण्याची व विपुल प्राणवायूची गरज, ते वाटेतच मेले. म्हणजे कोणता मासा छंदात यावयाचा हे सौंदर्यापेक्षा सहनशक्तीने ठरविले, आणि हा नियम पुढे दौंड तालुक्यातही तसाच लागू पडावयाचा होता.

आपल्या प्रांती सामान्य माणसास काचेमागचा मासा भरपूर पाहावयास मिळाला तो मुंबईत. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले; त्यास आठ लक्ष रुपये खर्च आला आणि त्यापैकी दोन लक्ष रुपयांची देणगी ज्या पारशी गृहस्थांनी दिली, त्यांचे नाव त्या वास्तूस लाभले. शाळांच्या सहली तेथे जाऊ लागल्या, आणि परतल्यावर ‘आपणही एक पेटी करू’ असा हट्ट घरोघर उद्भवला. त्या काळची पेटी म्हणजे लोखंडी अँगलच्या सांगाड्यात काचा बसवून सांधे पुट्टीने बुजविलेला एक जडशीळ हौदच असे. सांगाडा गंजे, पुट्टी वाळून भेगाळे आणि जमिनीवर पाण्याचे ओघळ येत. काचेस काच चिकटविणारे सिलिकॉन बाजारात आल्यावर सांगाडा गळून पडला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से प्राणवायू भरून मासा पाठविण्याची युक्ती रूढ झाल्यावर कोलकात्याकडे पैदास झालेला मासा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात आणि तेथून तालुक्याच्या गावी सुखरूप येऊ लागला.

परंतु कुरकुंभसारख्या गावी परदेशी माशाचा शिरकाव दुकानाच्या मार्गाने होण्यापूर्वीच सरकारी मार्गाने झालेला होता, आणि ही या कुळकथेतील सर्वांत रसाळ शाखा आहे. त्रिनिदाद बेटावरून रॉबर्ट लेचमीर गप्पी या गृहस्थांनी पाठविलेल्या एका चिमुकल्या माशास लंडनच्या संग्रहालयातील आल्बर्ट ग्युंटर यांनी १८६६ साली त्यांचे नाव दिले. तीच जात पेटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ सालीच वर्णिली होती, त्यामुळे शास्त्रीय नाव त्यांचे राहिले आणि लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला. पुढे १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला, आणि डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांस एकाएकी राजाश्रय मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी भारतात आला, १९२८ च्या सुमारास इटलीहून गंबुसिया आला; मध्यंतरी डीडीटीच्या फवाऱ्यापुढे दोघेही मागे पडले, पण डास त्या औषधास दाद देईनासे झाले तेव्हा हिवताप खात्यास माशांची पुन्हा आठवण झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात सिमेंटचे हौद बांधून गप्पी माशांची पैदास होऊ लागली, आणि आरोग्य कर्मचारी ते मासे डब्यातून नेऊन विहिरी, जनावरांचे हौद व पडीक टाक्या यांत सोडू लागले. पगार नाही, रजा नाही, बदली मात्र हमखास, असा हा खात्याचा नोकर. आणि त्यांतील दोन-चार मासे एखाद्या मुलाच्या लोणच्याच्या बरणीत उतरले की त्या घरी छंदाचा श्रीगणेशा झाला.

गप्पी या मुलखात रुजला याचे खरे कारण मात्र खात्याच्या हुकमात नसून पाण्यात आहे. येथील विहिरी व विंधनविहिरी काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून पाणी घेतात. त्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही आणि काचेच्या कडेस पाण्याच्या पातळीवर पांढरी रेघ धरते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रास असे जड पाणी कसेबसे सोसते, पण त्यात त्याची अंडी फळत नाहीत. याच्या उलट गप्पी, मोली, प्लॅटी, सोर्डटेल ही पिले घालणारी मंडळी याच पाण्यात तुकतुकीत राहतात. म्हणून येथील नवशिक्याच्या हातास पहिले यश येते ते यांच्याचकडून. मादीच्या पोटामागील काळसर डाग गडद होऊ लागला आणि पोट चौकोनी दिसू लागले की जाणत्याने तिला पाणवनस्पतींनी भरलेल्या वेगळ्या बरणीत ठेवावे. सुमारे चार आठवड्यांच्या गर्भारपणानंतर एकेक पिलू गुंडाळलेल्या स्थितीत बाहेर पडते, क्षणभर तळाकडे बुडते, मग अंग उलगडून वनस्पतीच्या आडोशास पळते. हे पळणे अगत्याचे असते, कारण त्याचा पहिला शत्रू त्याची जन्मदात्रीच होय. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून त्याचे धुके पाण्यात सोडले की त्या पिलांचे पहिले जेवण होते. ज्या मादीने एकदा नराचा संग केला ती तेवढ्यावर पुढील कित्येक महिने वेतामागून वेत देत राहते, त्यामुळे नव्या हौशी गृहस्थास माशांपेक्षा ते कोणास वाटावेत याचीच चिंता लवकर पडते.

भारनियमनाच्या वर्षांत दुसरी निवड झाली. तासन्‌तास वीज नसली की हवेची मोटर बंद, आणि गोल्डफिश पृष्ठभागाशी तोंडे वासून तडफडू लागत; त्याच खोलीतील गुरामी व फायटर मात्र वर येऊन हवेचा एक घोट घेत आणि स्वस्थ राहत. कार्बोनिएच्या आगबोटीवरील न्याय येथे असा पुन्हा अमलात आला.

अलीकडे या छंदास धंद्याचे अंग फुटले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपैदासीस तीन लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के अनुदान ठेवले गेले. म्हणजे आरोग्य केंद्राच्या हौदातून निघालेला मासा फिरून सरकारी कचेरीच्या नस्तीत दाखल झाला. दुसरीकडे वास्तुशास्त्राच्या नावाखाली फ्लॉवरहॉर्न व अरोवाना यांची बडदास्त राखणारेही झाले आहेत. आणि तिसरीकडे एक संकट उभे राहिले आहे. पेटीतील शेवाळ चाटावे म्हणून आणलेला बोटभर सकर मासा हातभर वाढला की मालक तो जवळच्या पाण्यात सोडून देतो; भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात, भिगवणकडच्या कोळ्यांच्या जाळ्यांत, हा काटेरी कवचाचा, बाजारात कोणी न घेणारा मासा सापडू लागला आहे, आणि तो सोडविताना जाळी फाटतात ती वेगळीच. चिलापीने आधीच व्यापलेल्या त्या पाण्यात मूळच्या माशांची वस्ती आणखी आक्रसत आहे.

घरच्या माशांचे हे कूळ असे सर्वस्वी परदेशी असावे, ही काही अटळ गोष्ट नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात वर्णिलेला झेब्रा मासा युरोप-अमेरिकेतील पेट्यांतून फिरत फिरत प्रयोगशाळेत शिरला, आणि आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर हृदयाच्या पुनर्निर्मितीचे संशोधन चालते. साइक्स यांनी नोंदविलेल्या खुद्रीची पैदास लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात गेली सुमारे पन्नास वर्षे होत आहे. खुद्री पेटीत मावणारा नव्हे. परंतु साइक्स यांच्याच यादीतील, शेपटीजवळ काळा ठिपका मिरविणारा टिक्टो बार्ब बोटाएवढाच राहतो, भीमेच्या जड पाण्यात तो युगानुयुगे वाढला आहे, आणि त्याचा नर विणीच्या काळात लालसर होतो. गप्पीची शंभर पिले वाढविणाऱ्या येथल्या हातांस त्याची अंडी फळविणे अवघड नाही. आणि असा मासा चुकून नदीत गेलाच, तर तो आपल्या घरीच गेलेला असेल.