निरामिष आहार आणि ख्रिस्ती श्रद्धा : पश्चिम किनाऱ्यावरील एका प्रश्नाचा इतिहास

भाईंदर पूर्वेचा जेसल पार्क हा भाग वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर वसला आहे. खाडीपलीकडे वसईचा जुना ख्रिस्ती मुलूख आहे, भाईंदरच्या पश्चिमेस डोंगरी, उत्तन, पाली ही कोळ्यांची व शेतकऱ्यांची ख्रिस्ती गावे आहेत आणि खुद्द शहरात गेल्या काही दशकांत आलेली गुजराती व राजस्थानी जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सोळाव्या शतकापासून मासळी खाऊन उपास पाळणारा एक समाज आणि कंदमुळेही वर्ज्य मानणारा दुसरा समाज यांचे असे निकट सान्निध्य महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आढळेल. २०१५ साली पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे मीरा-भाईंदर महानगरपालिकेने ठरविले, तेव्हा उठलेल्या वादाचे पडसाद राज्यभर उमटले.

अशा वादांत एक समजूत नकळत गृहीत धरली जाते. ती अशी की, शाकाहार ही हिंदू-जैनांची वस्तू असून ख्रिस्ती धर्माला तिच्याशी कर्तव्य नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे मांस खाऊ लागणे. या समजुतीचा इतिहासाशी मेळ बसत नाही. मांसत्यागाचा प्रश्न ख्रिस्ती धर्माने आरंभापासून हाताळला आहे आणि आपल्या किनाऱ्यावर तो वेगळ्या रूपाने पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. प्रत्येक वेळी वाद झाला तो ताटात काय आहे याविषयी नव्हे, तर ते का टाळले जाते याविषयी, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. दोन वर्गीकरणे

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. मराठीतील ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ ही जोडी ‘आमिष’ या शब्दावर उभी आहे, आणि रूढ अर्थाने मासळी आमिषातच मोडते. मध्ययुगीन पाश्चात्त्य चर्चच्या उपासविषयक नियमांत जो लॅटिन शब्द येतो तो ‘कारो’. त्याच्या कक्षेत चतुष्पाद प्राणी व पक्षी येतात, मासा येत नाही. म्हणून शुक्रवारी मांस वर्ज्य करून बोंबलाचे कालवण जेवणारा उत्तनचा कोळी चर्चच्या दृष्टीने व्रतस्थ असतो; त्याच्या जैन शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो इतर दिवसांइतकाच मांसाहारी असतो.

उलट बाजूही तितकीच बोधप्रद आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जुन्या नियमानुसार मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी व चीज हेही वर्ज्य होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात या नियमाचे समर्थन केले आहे. मासळी चालते, पण मांस, अंडी व दूध चालत नाही, याचे कारण तो शरीराच्या वासनांवर होणाऱ्या परिणामात शोधतो. त्या नियमाने पाहिले तर दूध-तुपाचे सात्त्विक ब्राह्मणी जेवण उपासाला चालले नसते. अहिंसा हे तत्त्व असलेल्या परंपरेत जीव मोजला जातो. इंद्रियनिग्रह हे तत्त्व असलेल्या परंपरेत अन्नाची उत्तेजकता मोजली जाते. दोहोंची रेषा एकाच ठिकाणी पडण्याचे कारण नाही.

२. चर्चचा जुना निकष

बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्यास अन्न म्हणून बीज देणाऱ्या वनस्पती व फळे दिली आहेत. मांसाची मोकळीक नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, मिळते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात केवळ शाकभाजी खाणाऱ्याने इतरांस दोष देऊ नये आणि सर्व खाणाऱ्याने त्याला तुच्छ लेखू नये, असा समन्वय सांगितला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र अमुक अन्न वर्ज्य करा अशी आज्ञा करणाऱ्यांचा निषेध आहे.

या दोन टोकांमधून चर्चने जो मार्ग काढला तो इ. स. ३१४ च्या अँकिरा येथील धर्मसभेच्या चौदाव्या नियमात स्पष्ट दिसतो. जे धर्मोपदेशक मांस वर्ज्य करतात त्यांनी ते एकदा चाखावे आणि मग इच्छा असल्यास खुशाल वर्ज्य करावे. परंतु मांसाबरोबर शिजलेली भाजीदेखील जे शिवत नाहीत त्यांस पदावरून दूर करावे, असा त्याचा आशय आहे. हा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो, पण त्यामागील तर्क पक्का आहे. त्याग मान्य आहे, किळस मान्य नाही. मांस हे पापमय द्रव्य आहे असे मानणाऱ्या पंथांपासून आपल्या तपस्व्यांना वेगळे ओळखण्याची ती कसोटी होती. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आजाऱ्यांखेरीज सर्व मठवासीयांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य ठरविले, आणि कार्थुसियन संन्याशांनी तर मांस सर्वस्वी सोडले. त्यांच्यावर पाखंडाचा आरोप कोणी केला नाही.

३. गोवा आणि मदुरा

हाच निकष भारतात आला तेव्हा त्याची गाठ एका नव्या गोष्टीशी पडली. ती म्हणजे जात. येथे अन्न हे केवळ संयमाचे किंवा पाखंडाचे चिन्ह नव्हते. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोणाच्या हातचे खातो, यावर मनुष्याचे समाजातील स्थान ठरत होते.

गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० मध्ये झाली. तिने १७३६ साली काढलेला आज्ञापट अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे अभ्यासकांच्या परिचयाचा झाला आहे. नवख्रिस्त्यांच्या घरातील हिंदू चालीरीती निपटून काढण्यासाठी केलेल्या मनाईंच्या या लांबलचक यादीत एकादशीचा उपास येतो, आणि भात अळणी शिजवून हिंदूंप्रमाणे मागाहून मीठ घालण्याची रीतही येते. वास्तविक भातात मीठ केव्हा पडते याचा श्रद्धेशी काही संबंध नाही. परंतु गोव्यातील सारस्वत ब्राह्मण मासळी खाणारे असल्यामुळे मासे खाणे वा न खाणे ही तेथे हिंदूपणाची खूण होऊ शकत नव्हती. म्हणून खुणेचा शोध मिठापर्यंत जाऊन पोहोचला.

मदुरेस परिस्थिती नेमकी उलट होती. तेथील ब्राह्मण कडक शाकाहारी होते आणि पोर्तुगीजांना मांस खाणारे म्हणून हीन लेखीत. १६०६ मध्ये तेथे गेलेल्या रोबेर्तो दे नोबिली या इटालियन जेझुइटाने मांस सोडले, ब्राह्मण आचारी ठेवला आणि भात, भाजी व दूध यांवर संन्याशासारखा राहू लागला. त्याच्याविरुद्ध त्याच्याच संघातून तक्रारी गेल्या, १६१९ मध्ये गोव्यात चौकशीसभा भरली आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निर्णय बराचसा नोबिलीच्या बाजूने दिला. वादाचा भर जानवे, शेंडी, गंध आणि स्नान यांवर राहिला. मांसत्याग चर्चला आपल्या मठांतून परिचित होता. परकी होती ती जातीची चिन्हे. मात्र नोबिलीच्या त्यागात ब्राह्मणाचे स्थान राखणे हाही हेतू होता, हे नाकारता येत नाही. ब्राह्मणांत वावरता यावे म्हणून तो खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्त्यांपासून दूर राहिला. निरामिष ताट येथे दुहेरी अर्थाचे होते.

४. पंडिता रमाबाई

हा दुहेरी अर्थ उलगडून दोन्ही धागे वेगळे करण्याचे काम पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात घडलेले दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, पण आहार बदलला नाही. रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. वाँटेजच्या भगिनीसंघातील त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना ही गोष्ट खटकली. अंडे घातलेला पदार्थही नाकारणे हा त्यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. उभयतांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. हा वाद त्यात मुळातून वाचावयास मिळतो.

रमाबाईंच्या उत्तराचा सारांश असा. आपल्यात जातीचे काही संस्कार उरले असतील, हे त्या नाकारीत नाहीत. पण एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि कोणाला अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ कोणी म्हणणार नाही. मग तोच न्याय आपल्याला का लावू नये? क्रुसावरील अक्षरांविषयीही त्यांची भूमिका याच जातीची होती. आपल्या लोकांना न कळणाऱ्या लॅटिनपेक्षा तेथे संस्कृत शब्द असावेत, असे त्यांना वाटे. श्रद्धा आणि तिचा इंग्रजी पोशाख यांतील भेद त्यांनी भाषेत जसा ओळखला तसाच अन्नातही ओळखला.

सिस्टर जेराल्डिन यांच्या बाजूनेही एक गंभीर मुद्दा होता आणि तो टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अहमदनगरकडील महार-मांग समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. अशा मंडळीत ब्राह्मण धर्मांतरिताने एखादे ताट दूर सारले, तर ते अन्न नाकारले की ते वाढणारा हात नाकारला, हा प्रश्न उभा राहणारच. म्हणूनच सहभोजन ही जातित्यागाची कसोटी ठरली होती. ज्यांच्या अन्नालाच पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानले गेले, त्यांच्या दृष्टीने शाकाहाराची प्रतिष्ठा ही निरुपद्रवी गोष्ट नव्हती.

या आक्षेपाला रमाबाईंचे खरे उत्तर पत्रांत नाही, केडगावात आहे. १८८९ मध्ये काढलेल्या शारदासदनात हिंदू विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावचे मुक्तिसदन नाना जातींच्या मुलींचे घर झाले. तेथे बाईंचा शाकाहार राहिला, पंक्तिभेद राहिला नाही. सोवळे व शाकाहार ही एकच गोष्ट नव्हे, हे त्यांनी आचरणाने सिद्ध केले.

ज्या इंग्लंडमध्ये रमाबाईंच्या आहारावर जातीचा शिक्का बसला, तेथेच १८०९ मध्ये सॅल्फर्ड येथे विल्यम काउहर्ड याने बायबलच्याच आधारे मांसत्याग सांगणारी ‘बायबल ख्रिश्चन’ मंडळी स्थापिली होती. १८४७ साली रॅम्सगेट येथे निघालेल्या शाकाहारी संस्थेच्या उभारणीत याच मंडळीच्या लोकांचा मोठा वाटा होता. म्हणजे इंग्रजाने मांस सोडले तर ती सदसद्विवेकबुद्धी आणि मराठी स्त्रीने खाल्ले नाही तर तो पूर्वग्रह, असा हा न्याय होता.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात चित्र पालटले. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या आणि पुढे पुण्यात स्थिरावलेल्या ख्रिस्त सेवा संघात इंग्रज सभासदांनीच जमिनीवर बसून निरामिष जेवण्याची रीत स्वीकारली. पुण्यातील औंधच्या स्पायसर या ॲडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्थेत शाकाहार आरोग्याच्या व बायबलच्या आधारावर चालत आला आहे. त्यात जातीचा संबंध नाही. कॅथलिक चर्चनेही १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या आदेशाने शुक्रवारच्या नियमात लवचीकपणा आणला आणि मांसत्यागाऐवजी प्रार्थना वा दानधर्म यांचा पर्याय ठरविण्याचा अधिकार त्या त्या देशातील बिशपांच्या सभांना दिला.

५. समारोप

वरील प्रसंगांतून एक सूत्र निघते. संयम, करुणा, प्रकृती किंवा केवळ सवय म्हणून केलेला मांसत्याग ख्रिस्ती परंपरेने कधी मान्य केला, तर कधी वाखाणलाही. तिने सातत्याने नाकारला तो दुसऱ्याला अशुद्ध ठरविणारा त्याग. गोव्याच्या अधिकाऱ्यांची चूक ही की, त्यांनी मिठातही पाखंड पाहिले. वाँटेजची चूक ही की, तिने सवयीत सोवळे पाहिले. दोन्हीकडे कृतीवरून हेतूचे अनुमान घाईने केले गेले.

जेसल पार्कच्या संदर्भात हे सूत्र दोन्ही बाजूंना लागू पडते. तेथील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने मांस सोडले तर त्याने धर्म सोडला असे होत नाही, आणि एखाद्या जैन कुटुंबाने आपल्या घरी ते शिजू दिले नाही तर त्याने शेजाऱ्याचा अवमान केला असेही होत नाही. परंतु स्वतःच्या ताटाचा नियम जेव्हा शेजाऱ्याच्या दुकानावर किंवा घराच्या दारावर लागू केला जातो, तेव्हा तो आहाराचा नियम राहत नाही. तो पंक्तीचा नियम होतो. या दोहोंतील अंतर केडगावात एका मराठी स्त्रीने सव्वाशे वर्षांपूर्वी आखून दाखविले होते.