घरोघरच्या परिचारिका आणि मूत्रनियंत्रण : इंग्लंडांतील एक अल्पलिखित प्रकरण

शुश्रूषेचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार युद्धांतील जखमी, साथी व इस्पितळें यांविषयीं विस्तारानें लिहितात. परंतु ज्या रोग्याचा मलमूत्रावरील ताबा सुटला, त्याचें अंथरूण कोणी कोरडें ठेविलें, याविषयीं ते बहुधा मौन धरितात. या मौनावरून तें काम क्षुल्लक होतें असें अनुमान काढणें युक्त नव्हे, असें आमचें मत आहे.

सन १८५९ मध्यें लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनीं, आपल्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यांत शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेस तीन महिन्यांच्या बोलीनें गरिबांच्या घरीं धाडिलें. महिन्याभरांतच तेथील दैन्य पाहून ती सुटका मागूं लागली. परंतु रॅथबोन यांच्या आग्रहानें राहिली, आणि मुदत भरल्यावर काम सोडण्यास राजी होईना. पुढें त्या शहराचे १८ विभाग पाडून ही व्यवस्था पसरली. सन १८८७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्त्रियांनीं जमविलेल्या निधींतील ७०,००० पौंड याच कामीं लागले, व सन १८८९ मध्यें त्या संस्थेस राजसनद मिळाली.

या परिचारिका घरीं जाऊन काय करीत, हें तत्कालीन उपदेशावरून ताडतां येतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकांत झांकणावांचूनचें मूत्रपात्र सर्वथा वर्ज्य ठरविलें आहे, आणि रोग्याच्या अंगचा ओलावा अंथरुणांत मुरतो याविषयींही बजाविलें आहे. ज्या घरीं दुसरी चादर नाहीं, तेथें हा उपदेश पाळणें किती कठीण, हें सांगणें नको.

तथापि हें सर्व निस्तरणें झालें, निवारण नव्हे. वार्धक्य आलें कीं हें असेंच चालावयाचें, अशी समजूत दृढ होती. तीस पहिला मोठा धक्का इस्पितळांतून बसला. सन १९३५ मध्यें वेस्ट मिडलसेक्स इस्पितळांत डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे अनाथगृहाच्या रुग्णालयांतील ७१४ खाटा आल्या. तेथें खिळून पडलेल्या वृद्धांस तपासून, उठवून, चालतें करण्याची पद्धत त्यांनीं पाडली. सन १९४८ मध्यें अमेरिकेंत आर्नल्ड केगेल यांनीं ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ५ जुलै रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन घरगुती शुश्रूषा पुरविणें हें स्थानिक अधिकाऱ्यांचें कर्तव्य ठरलें. सन १९८१ मध्यें या विषयाच्या सल्लागारांची स्वतंत्र संघटना निघाली.

कोणी म्हणेल, ही प्रगति वैद्यांची; परिचारिकांचा यांत भाग कोणता? आमचें उत्तर असें कीं, वैद्याचें ज्ञान उंबरठ्याच्या आंत नेलें तें परिचारिकेनें. रोग्यानें किती प्यालें, केव्हां व किती लघवी झाली याची दिवसवार नोंद तीच ठेवविते, बद्धकोष्ठ, औषधांचा परिणाम, शौचकूपाचें अंतर यांचा विचार करिते, व्यायाम शिकविते, आणि एवढ्यानें न भागल्यासच शोषक घड्या किंवा मूत्रनलिका योजिते. लज्जेमुळें जें रोगी पोटच्या मुलांसही सांगत नाहीं, तें तिला सांगतो. हा विश्वास हेंच या सेवेचें खरें भांडवल होय.

त्या संस्थेचे कागद आज लंडनच्या वेलकम संग्रहांत आहेत. राजसनदांइतकेंच मोल भेटींच्या नोंदवह्यांस द्यावें, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. ज्या कामाची वाच्यता होत नसे, त्याचा पुरावा अशाच वह्यांत सांपडतो. आणि त्याच प्रथम रद्दींत जातात.