प्रश्नावलीची पायपीट

कोहमारा हे खरे तर फाट्याचे गाव. मुंबई-कलकत्ता हमरस्ता आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारी सडक येथे एकमेकींना छेदतात. ज्याला कुठे तरी जावयाचे आहे तो येथे घटकाभर थांबतो, चहा पितो आणि पुढची गाडी धरतो. मी मात्र थांबलो तो थांबलोच. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटासाठी एका लहानशा खाजगी शाळेत मास्तरकी, आणि हौस म्हणून कादंबऱ्या. अशा माणसाच्या दारी कोणी संशोधनाचे काम घेऊन येईल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली आणि चकली मोडता मोडता तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला.

"गुरुजी, दोन मिनिटांचं काम आहे. एवढं भरून द्या."

मुलगी नागपूरला एम. ए. करते. विषय घेतला होता आमच्याकडच्या मामा तलावांचा. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, या तलावांचा कुणाच्या मामाशी संबंध नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती पहिली अक्षरे. कोहळी समाजाच्या पाटलांनी धानाच्या शेतीसाठी हे तलाव बांधले. पुढे मालगुजारांनी ते सांभाळले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज या तलावांचे पाणी कोण, कशासाठी वापरतो, हे तिला शोधावयाचे होते. त्यासाठी तिने गुगलच्या फॉर्मवर एक प्रश्नपत्रिका तयार केली होती. खर्च शून्य. दुवा गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटांत टाकला की लोक आपापल्या घरी बसून खुणा करतात आणि उत्तरे आपोआप तक्त्यात जाऊन बसतात. वर रंगीत वर्तुळेही निघतात.

मला ही जादू नवी होती. तिला मात्र ती जन्मापासूनची वाटत होती. वस्तुतः या साधनांचे वय फार नाही. १९९९ साली अमेरिकेत रायन फिनले नावाच्या तरुणाने सर्व्हेमंकी सुरू केले. २००८ साली गुगलने आपल्या तक्त्यांना फॉर्मची जोड दिली. परंतु दूर बसून कागद पाठवावा, आणि उत्तरे गोळा करण्याचे श्रम दुसऱ्याने फुकट करावेत, ही युक्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. आणि त्या युक्तीत मास्तर नावाचा प्राणी पहिल्यापासून जुंपलेला आहे! म्हणूनच मला हा इतिहास सांगण्याचा थोडासा अधिकार पोचतो.

जॉर्ज ग्रियर्सन हा बिहारात नोकरी केलेला आय. सी. एस. अधिकारी. हिंदुस्थानातील भाषांची पाहणी व्हावी असा ठराव १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत झाला आणि १८९४ पासून ग्रियर्सनने ते काम अंगावर घेतले. आता एवढ्या मोठ्या देशात गावोगाव कोण हिंडणार? त्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना कागद धाडले. आधी विचारले, तुमच्या जिल्ह्यात कोणत्या बोली बोलल्या जातात आणि त्या बोलणारे किती. मग नमुने मागवले. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून द्यावयाची, शिवाय त्या भागातली एखादी गोष्ट किंवा मजकूर, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची एक ठराविक यादी. हीच गोष्ट का? तर तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्त्या येतात, क्रियापदांचे काळ येतात. या देशातील लोकांच्या भावना दुखवू नयेत म्हणून मूळ गोष्टीत थोडा शब्दांचा फेरफारही त्याने केला होता. प्रश्न विचारणाऱ्याला आधी उत्तर देणाऱ्याचे घर ओळखावे लागते, हे त्याला उमगले होते.

जिल्हाधिकारी काही स्वतः बोली लिहीत बसला नाही. कागद साहेबाकडून तहसीलदाराकडे, तिथून कारकुनाकडे, शाळातपासनिसाकडे, मास्तराकडे. मी कल्पना करतो, आमच्याकडचा एखादा मास्तर कंदिलाच्या उजेडात बसला आहे, समोर गावचा कोतवाल उकिडवा बसला आहे, आणि मास्तर विचारतो आहे, 'त्याने त्याला डुकरे राखावयास पाठवले' हे तुम्ही कसे म्हणाल? कोतवाल म्हणतो, कोणी असे कशाला करील? (कादंबरीकाराची खोड, दुसरे काय! कागदपत्रांत हा प्रसंग कुठे नाही.)

त्या पाहणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ग्रियर्सनने स्वतःच लिहून ठेवली आहे. खेडुताला आपल्या बोलीला नाव आहे हेच ठाऊक नसते. नाव ठेवतो तो शेजारी. म्हणजे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला देता येईना! १९०३ पासून १९२८ पर्यंत अकरा खंड निघाले; १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांत नोंदल्या गेल्या. मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा. तो सिद्ध केला स्टेन कोनोव या नॉर्वेच्या पंडिताने. आमचे गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. त्या भंडाऱ्याची मराठी या खंडात नागपुरीच्या पोटात जाऊन बसली. आमच्या झाडीपट्टीच्या लोकांना आजही ते तितकेसे रुचत नाही.

त्याच सुमारास मध्य प्रांतात रसेल आणि रायबहादूर हिरालाल जातीजमातींची माहिती जमवीत होते. त्यांचे चार खंड १९१६ साली निघाले. मला त्या ग्रंथाच्या मजकुरापेक्षा पानांच्या तळाच्या टिपा जास्त वाचाव्याशा वाटतात. अमुक जातीचे प्रकरण कोणाच्या टिपणांवरून लिहिले हे तिथे सांगितलेले असते. कोणी नायब तहसीलदार, कोणी वकील, कोणी शाळातपासनीस. जिच्याविषयी लिहिले आहे त्या जातीतला माणूस मात्र त्या टिपांत क्वचितच भेटतो. त्याच्याविषयी विचारले गेले, पण शेजाऱ्याला.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. ती शहाणी. म्हणाली, "म्हणूनच तर हा फॉर्म चांगला, गुरुजी. मधे मास्तर नाही, तहसीलदार नाही. ज्याचं उत्तर त्यानेच द्यायचं." मी निरुत्तर झालो आणि मुकाट्याने फॉर्म भरला.

चार-सहा दिवसांनी ती पुन्हा आली ती आनंदातच. उत्तरे भराभर येत होती. तलावाचा मुख्य उपयोग कोणता, या प्रश्नाच्या वर्तुळात 'धानाला पाणी' या उत्तराने जवळजवळ सगळी जागा व्यापली होती. मासेमारीची फाक इतकी बारीक की चष्मा पुसून पाहावी लागली. मी तिला तक्ता उघडावयास सांगितला आणि मास्तरकीच्या सवयीने हजेरी घ्यावी तशा ओळी वाचू लागलो. वये बघावीत तर अठरा ते पंचवीस. बहुतेक पुरुष. बाई शोधून सापडेना. एकाच घरातल्या तीन भावांनी वेगवेगळी उत्तरे दिली होती, आणि तिघेही पुण्याला कामाला आहेत हे मला ठाऊक होते! दुवा ज्या गटांतून फिरला त्या गटांत जे होते, तेच या तक्त्यात आले होते.

अमेरिकेतली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 'लिटररी डायजेस्ट' नावाचे तिथे एक बडे साप्ताहिक होते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या आणि वीस लाखांहून अधिक परत आल्या. एवढ्या भरण्यावरून त्याने भाकीत केले की लँडन निवडून येणार. झाले काय? अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्ये रूझवेल्टने जिंकली. पत्ते काढले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. ते मंदीचे दिवस. ज्याच्या घरी टेलिफोन होता तो एक, आणि ज्याच्या घरी नव्हता तो दुसराच. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळेच. त्याच वेळी जॉर्ज गॅलप याने पुष्कळ कमी, पण बेताने निवडलेली माणसे विचारून रूझवेल्टचे नाव सांगितले होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

"आपला मोबाइल म्हणजे त्यांचा टेलिफोन," मुलगी हळूच म्हणाली. मला काही बोलावे लागले नाही.

आपल्या महाराष्ट्रात दुसरी वाटही फार आधी पडली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे एकच खेडे घेतले आणि आपल्या माणसांसह घर न् घर तपासले. १९१७ साली त्यांचे पुस्तक निघाले. १७७१ साली तिथे सरासरी खातेदाराकडे चाळीस एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. जुन्या दप्तराचा आकडा आणि उंबऱ्यावर बसून विचारलेला आकडा शेजारी ठेवल्यावाचून हे दिसते ना. पुढे १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली पाहणी करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्यामागच्या महालनोबीसांची एक पद्धत मला फार मार्मिक वाटते. एकाच प्रदेशात दोन वेगळ्या तुकड्या स्वतंत्रपणे पाठवायच्या आणि त्यांची उत्तरे जुळतात का ते पाहावयाचे. विचारणाऱ्याच्या चुकीला धरण्याचा हा सापळा!

असो. आमची दोन माणसांची तुकडी दुसऱ्या दिवशी सायंकाळी ढिवर मोहल्ल्यात गेली. एका अंगणात एक म्हातारी जाळे दुरुस्त करीत बसली होती. मुलीने मोबाइल काढून वाचावयास सुरुवात केली : तलावात कोणते मासे मिळतात? रोहू, कतला, मृगल, इतर. म्हातारीने सारे ऐकून घेतले.

"बाई, तुह्या मोबाइलात आमची मासोरी कोठं हाय? हे तर बाहेरून आणून सोडलेले."

मग तिने नावे सांगितली. मरळ, शिंगी, मांगूर ही मला माहीत होती, त्यापुढची नव्हती. कोणती गाळात राहते, कोणती पहिल्या पावसात बांधीत चढते, कोणत्या वनस्पती काढून टाकल्यापासून कोणती दिसेनाशी झाली. मुलगी 'इतर'च्या चौकटीत लिहू लागली. दोन बोटांनी लिहिता लिहिता तिची दमछाक झाली, तेव्हा माझ्या खिशातली वही तिला दिली. अंधार पडला. मधेच म्हातारीने विचारले, "हे लिहून कोनाले देशीन?" मुलगी थबकली. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे, फॉर्मच्या आरंभी संमतीची एक ओळही तिने घातली होती. परंतु त्या प्रश्नाला तिच्याजवळ तयार उत्तर नव्हते. शेवटी तिने खरे तेच सांगितले. माझ्या गुरूंना देईन, पुस्तक होईल, कदाचित सरकारातही कोणी वाचील.

"मंग लिह," म्हातारी म्हणाली. "तलावाचा लिलाव करनाऱ्याले वाटते इथं कोनी राहतच नाही."

परतीच्या वाटेवर मुलगी गप्प होती. प्रबंध द्यावयाची तारीख जवळ आली होती आणि रंगीत वर्तुळ तयार होते. ते तसेच छापले असते तर कुणी हरकत घेतली नसती. फक्त मासेमारीची ती बारीक फाक कागदावर तितकीच राहिली असती. फाट्यावर चहा पिताना तिने ठरवले की तक्ते दोन करावयाचे. एक मोबाइलवरून आलेल्या उत्तरांचा, दुसरा दारोदार जाऊन आणलेल्यांचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापावयाचे. दिवाळीची राहिलेली सुट्टी ती मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हिंडली. माझ्या वर्गातली चार मुले तिच्याबरोबर जात. वह्या माझ्या, पेनेही माझीच. फुकटच्या साधनाला एवढा खर्च आला.

ती नागपूरला परतल्यावर एका रात्री माझ्या मोबाइलवर पुन्हा तोच दुवा आला. उघडून पाहिले तर शेवटी एक नवा प्रश्न वाढला होता : 'हा फॉर्म कोणी भरला? स्वतः / दुसऱ्याने.' दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी म्हातारीकडे गेलो. तिने मागच्या खेपेला विसरलेली आणखी दोन नावे सांगितली. मी ती लिहिली आणि 'दुसऱ्याने'वर खूण केली.