रानाची राखण आणि राखणदाराचे घर

दुसऱ्याच्या मालमत्तेची राखण करावी आणि त्याबद्दल तेथेच राहावयास जागा मिळावी, हा करार फार जुना आहे. आमराईत झोपडी घालून राहणारा रखवालदार आणि वाड्याच्या देवडीवर संसार मांडणारा पहारेकरी हे दोघेही याच कराराने बांधलेले. अमेरिकेत या कराराचे एक नवे रूप पाहावयास मिळते. तेथे पुष्कळ निवृत्त जोडपी चाकांवरील घरात राहतात. चूल, बिछाना, पाण्याची टाकी, सारे गाडीतच. राष्ट्रीय उद्यानांतील प्रवासी तळांवर अशी जोडपी हंगामभर मुक्काम करतात, तळाची देखरेख ठेवतात, आल्यागेल्याची विचारपूस करतात. मोबदल्यात गाडी उभी करावयास जागा मिळते. हंगाम सरला की गाडी पुढे निघते.

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय मुलखातही हा करार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. फरक एवढाच की, येथे फिरते घर एकाच्या वाट्याला आले आणि राखण दुसऱ्याच्या.

गोंड राजांच्या अमदानीत या मुलखात रान आणि माणूस यांचे नाते निराळे होते. हीरशहा राजाविषयी अशी परंपरा सांगतात की, जो रान तोडून जमीन लागवडीस आणील त्याला ती जमीन मिळावी आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी शेती मिळावी, असे त्याने ठरविले होते. या भागातील शेकडो जुने तलाव अशाच उत्तेजनाची साक्ष देतात. माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या बोलीत मामा तलाव, म्हणून ते आजही ओळखले जातात. त्या व्यवस्थेत मेहनत करणारा आणि मालक ही दोन माणसे नव्हती.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन इंग्रजी अंमल आला. पुढे १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी रानाचे स्वरूपच पालटले. जेथे गोंड आणि माडिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचीत, बांबू तोडीत व गुरे चारीत, ते रान सरकारी ठरले. रेल्वेस सागवान पाहिजे होते. म्हणून सागवानाची राखण पाहिजे होती.

ही राखण पाहावयास साहेब येई तो थंडीच्या दिवसांत. त्याचे घर बैलबंड्यांवर लादलेले असे. तंबू, खाट, मेज, खुर्ची, भांडीकुंडी यांसह तो मुक्कामामागून मुक्काम करी. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपे, तर दुसरा रातोरात पुढल्या मुक्कामी जाऊन सकाळी उभा राही. पुढे ठिकठिकाणी जंगलखात्याचे बंगले झाले. पावसाळा लागला, नाल्यांना पूर आले, वाटा बुजल्या की दौरा संपे. मग बंगल्यावर उरे एकटा चौकीदार. किल्ली, दिवा, पाण्याची घागर आणि आवाराच्या कोपऱ्यातील एक खोली एवढा त्याचा कारभार. वर्षातले थोडे दिवस बंगल्यात राहणारा तो पाहुणा नव्हे, धनी. आणि वर्षभर तेथे राहणारा मात्र केवळ चाकर.

एका चौकीदारापुरती असलेली ही स्थिती वनग्रामांच्या रूपाने सबंध गावांच्या वाट्याला आली. मध्यप्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारी रानात अशी गावे वसविली गेली. कारण सरळ होते. वणवा विझविणे, जाळरेषा साफ करणे, लाकूड तोडणे व वाहणे या कामांस माणसे हवीत, आणि ती हाकेच्या अंतरावर हवीत. रहिवाशांस घरापुरती जागा व थोडी शेती मिळे. बदल्यात जंगलखात्याचे काम बोलावतील तेव्हा करावे लागे. कित्येक ठिकाणी या कामाला बेगारीचे स्वरूप आले. जमीन विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे, आणि खात्याची मर्जी फिरली तर घरही आपले म्हणता येत नसे. ज्याच्या आज्याने रानातला वणवा झोडपून विझविला, त्या नातवाजवळही आपल्या अंगणाचा कागद नसे.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली, प्रांतांची फेररचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले आणि १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. परंतु रानात राहणाऱ्याचा हक्क कोणता, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले. वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर व्हावे, हा हक्क त्यात आहे. गावाला आपले सामूहिक रान राखण्याचा हक्क आहे. आणि त्याबरोबरच ते रान व त्यातील जीवसृष्टी राखण्याचे कर्तव्यही ग्रामसभेवर आहे. हक्क आणि राखण यांची गाठ येथे पुन्हा एकदा बांधली गेली.

धानोरा तालुक्यातील मेंढा या गावास २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला तो २०१२ मध्ये मिळाला. पाचगावाने पुढे जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेंदूपानाचा पैसा हाती येत असता ते तोडणे गावाने बंद केले. कारण चांगली पाने यावीत म्हणून झुडपे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि रानाचे नुकसान होते. गावकरी पाळीपाळीने रानात गस्त घालू लागले. पूर्वी हुकमाने होणारी गस्त येथे आपखुशीने होऊ लागली.

तथापि कराराची जुनी बाजू संपली असे मात्र नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले व ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये. २००७ पासून बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी आतली गावे बाहेर वसविली गेली. आता त्या रानात रात्रीचा दिवा पेटतो तो संरक्षण कुटीत. तेथे वनरक्षक व वनमजूर घरापासून दूर मुक्काम करतात. २०२१ च्या नोव्हेंबरात वाघांच्या खुणांची पाहणी करीत असता एका महिला वनरक्षकास वाघिणीने ठार केले. राखणदाराच्या पगारात हा धोका मोजलेला नसतो.

अमेरिकेतील जोडप्याची गाडी हंगाम संपताच निघून जाते; कारण जावयाचे की राहावयाचे, हे त्यांच्या हाती असते. वनग्रामातील माणसाच्या हाती ते नव्हते. नुसता आसरा देऊन अंगमेहनत विकत घेता येते, आस्था नव्हे. हीरशहाच्या परंपरेने जे सांगितले तेच पाचगावाने आपल्या परीने पुन्हा दाखविले: ज्याला उद्याही येथेच राहावयाचे आहे, आणि राहता येईल अशी ज्याची खात्री आहे, तोच रानाची खरी राखण करतो.